फुलाच्या फोटोचं क्रॉपिंग आणि साधं एडिटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत फुलांना तोटा नाही. होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी पळस आणि काटेसावर, उन्हाच्या तडाख्यात बहावा, पावसाळ्यात बांधावर कळलावी आणि तरोटा, शेतात कपाशी, तीळ, भेंडी, वांगी. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. मी ओळखीच्या मुलामुलींना फोनवर फोटो काढायला आणि तो नीट करायला घरीच शिकवते. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिते आहे. एक फोटो यात सारखा भेटेल. माझ्या भाच्याने पाचोऱ्याजवळच्या शेतात काढलेला कपाशीच्या फुलाचा फोटो, त्याचा पहिलाच.

समोर फूल इतकं सुंदर दिसत होतं. फोटोत ते हरवलं कुठे?

आपण फूल बघतो तेव्हा फक्त फूलच बघतो. शेजारची नळी, मागचा खांब, वाळलेलं पान डोळ्यांसमोर असतं, पण मन ते घेत नाही. कॅमेऱ्याला अशी निवड करता येत नाही, तो समोरचं सगळं टिपतो. त्यात फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य घेणारी असते, त्यामुळे हातभर अंतरावरचं फूलही फोटोत लहान होतं आणि भोवतालचा पसारा मोठा.

भाच्याच्या फोटोत वर सगळं पांढरं आभाळ होतं, डावीकडे ठिबकची काळी नळी, उजव्या कोपऱ्यात गाडीचं हँडल आणि मधे कुठेतरी फूल. माझ्या सासूबाई अमळनेरच्या. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, ''फोटो झकास शे, पन फूल कोठे शे?'' नवशिक्याच्या फुलाच्या फोटोला विचारावा असा हा नेमका प्रश्न आहे. तुमचा फोटो उघडा, मोबाइल हातभर लांब धरा आणि स्वतःला हेच विचारा.

क्रॉप करताना सुरुवात कुठून करायची?

बोट स्क्रीनला लावायच्या आधी. तुम्ही त्या फुलापाशी थांबलात कशामुळे, ते एका वाक्यात सांगा. रंगामुळे? पाकळीवर पडलेल्या उन्हामुळे? आत शिरलेल्या मधमाशीमुळे? त्या वाक्यात जे येतं ते फोटोत ठेवायचं, बाकीचं जाऊ द्यायचं.

ही गोष्ट मला भाच्याच्या फोटोने शिकवली. मी त्याचा फोटो घेतला, ताजं पिवळसर-पांढरं फूल चौकोनात घट्ट पकडलं, आभाळ कापलं, नळी कापली, हँडल कापलं आणि मोठ्या समाधानाने त्याला दाखवलं. त्याचा चेहरा पडला. ''मावशी, गुलाबी फूल कापलंस. मी तर त्याच्यासाठीच थांबलो होतो.'' मी पुन्हा मूळ फोटो बघितला. खालच्या फांदीवर, पानाआड, खरंच एक गुलाबी फूल होतं. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट असतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यात अँथोसायनिन हे लालसर रंगद्रव्य तयार होऊन तेच फूल गुलाबी-लाल होतं, मग गळतं आणि मागे बोंड धरतं. शेतात वाढलेल्या पोराला हे माहीत होतंच, पण आजचं आणि कालचं फूल एकाच झाडावर शेजारी शेजारी त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं. त्याचा फोटो त्या दोन रंगांचा होता. मी त्यातला एक रंग कापून टाकला होता.

तेव्हापासून कुणाचाही फोटो हातात आला की मी आधी विचारते, तू कशासाठी थांबलास? दुसऱ्याच्या फोटोवर क्रॉप सुचवताना तुम्हीही हे विचारा.

कात्री नेमकी कुठे लावायची? काही नियम?

नियम म्हणण्यापेक्षा मी ज्या जागा तपासते त्या सांगते.

आधी चारही कडांवरून नजर फिरवा. बहुतेक घाण कडेला साचलेली असते. अर्धं पान, फांदीचं टोक, कुणाची चप्पल, पांढरा आभाळाचा तुकडा. कडेला असलेला उजेडाचा ठिपका तर डोळ्याला हमखास तिकडे ओढून नेतो. थोडं आत सरकून तो जातो का पाहा.

मग पाकळ्यांची टोकं बघा. पाकळीचं टोक चौकटीला नुसतं चिकटलेलं असेल तर बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. एकतर तिथे बोटभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर पाकळी ठामपणे कापा. सूर्यफुलाची चकती जवळून दाखवायची असेल तर सगळ्या पाकळ्या अर्ध्यावर कापल्या तरी छान दिसतं, कारण ते मुद्दाम केलंय हे कळतं. एकाच पाकळीचं नखभर टोक गेलं तर ती चूक वाटते. कळलावीसारख्या फुलाला मात्र मोकळी जागा द्याच. तिच्या पाकळ्या वर उलटलेल्या, लहरी, ज्वाळेसारख्या असतात आणि तो आकार पूर्ण दिसला तरच फूल ओळखू येतं. (फोटोसाठी ती खुडू नका, वनस्पती सगळीच विषारी आहे.)

देठ कुठून येतो तेही महत्त्वाचं. खालच्या कोपऱ्याजवळून तिरका वर आलेला देठ नजरेला फुलापर्यंत घेऊन जातो. देठ पूर्ण कापला तर फूल हवेत तरंगतं. थोडा तरी राहू द्या.

फूल एका बाजूला तोंड करून असेल, किंवा त्यावर बसलेलं फुलपाखरू एका दिशेला बघत असेल, तर त्या दिशेला जास्त जागा सोडा.

शेवटी फोटो वाकडा आहे का पाहा. मागे बांध, तार, भिंत दिसत असेल तर ती सरळ करा. मागे काहीच सरळ नसेल तर या भानगडीत पडू नका, फूल कलतंच.

फूल मधोमध ठेवलं तर चूक का?

नाही. तिरंगी झेंडा जसा तीन पट्ट्यांत विभागलेला असतो तशी फोटोची उभी आणि आडवी तीन तीन भागांत वाटणी करून रेषा जिथे मिळतात तिथे फूल ठेवावं, असा एक जुना संकेत आहे. क्रॉपचं टूल उघडलं की त्या रेषा स्क्रीनवर दिसतात. मोकळी पार्श्वभूमी असलेल्या फोटोला तो कामी येतो. पण झेंडू, सूर्यफूल, सदाफुली अशी गोल, सगळीकडून सारखी असलेली फुलं समोरून घेतली असतील तर ती मधोमध, चौकोनी चौकटीत अगदी शोभतात. अडचण अर्धवट मधोमध असलेल्या फुलाची. थोडंसं डावीकडे, थोडंसं वर, तेही नकळत. ठेवायचं तर नेमकं मध्यावर ठेवा, नाहीतर चांगलं बाजूला सरका.

चौकोनी, उभा की आडवा?

फुलाला विचारा. बहाव्याचा घोस खाली लोंबतो, केळफूल खाली झुकतं, तिळाची फुलं दांड्याला लागून वरवर चढत जातात. ही सगळी उभी. पळसाची फांदी आडवी पसरलेली असेल तर आडवा. एकटं गोल फूल चौकोनी. स्टेटसला लावायचा म्हणून प्रत्येक फोटो ९:१६ म्हणजे उभा लांबट करायची सवय लागली आहे, त्यात आडव्या फांदीचे हाल होतात. स्टेटससाठी वेगळी प्रत करा.

क्रॉप केल्यावर फोटो फाटतो. किती कापलेलं चालतं?

हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या बारीक ठिपक्यांचा असतो. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली तर उरतात २००० × १५००, म्हणजे ३० लाख पिक्सेल. अर्धा फोटो ठेवला असं आपल्याला वाटतं, पण उरलेला असतो पाव. दोन्ही बाजूंचा तिसरा हिस्सा ठेवला तर नववा भाग उरतो.

मोबाइलवर बघायला पाव भागही भरपूर आहे. छापायचा असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ६ × ४ इंची प्रिंटला १८०० × १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे वरचा पाव भागही तिथे व्यवस्थित चालतो. १२ × ८ इंचीला ३६०० × २४०० हवेत. भिंतीवर लावून चार पावलं लांबून बघायचा असेल तर इंचाला २०० पिक्सेलवरही भागतं, म्हणजे २४०० × १६००.

फोनवर '५० मेगापिक्सेल' लिहिलं आहे म्हणून हुरळू नका. असे बरेच फोन नेहमीच्या मोडमध्ये चार पिक्सेल मिळून एक करतात आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात.

मग आधीच झूम करून काढला तर?

फोनला वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स असेल तर जरूर. नसेल तर स्क्रीन चिमटीने मोठी करणं म्हणजे फोटो काढण्याआधीच क्रॉप करणं, आणि तो क्रॉप नंतर मागे घेता येत नाही. दोन पावलं पुढे जा. फार जवळ गेलात तर फोकस बसत नाही आणि फोनची सावली फुलावर पडते. तेव्हा थोडं मागे येऊन काढा आणि मग क्रॉप करा.

कोणतं ॲप घ्यावं?

फोनच्या गॅलरीत आहे त्यातच सुरुवात करा. क्रॉप, उजेड, रंगाची ऊब एवढं सगळ्यांत असतं. पुढे जायचं तर स्नॅपसीड मोफत आहे आणि त्यातलं 'सिलेक्टिव्ह' हे फोटोचा एकच भाग बदलणारं टूल फुलांसाठी सोन्यासारखं आहे. त्याचं कारण खाली येईल. लाइटरूमची मोबाइल आवृत्ती रंग एकेक करून हाताळायला चांगली, तिच्या काही सोयींना पैसे पडतात. संगणक असेल तर गिंप मोफत मिळतं. ॲप बदलल्याने फोटो सुधारत नाही, एकच ॲप महिनाभर वापरून हात बसवा.

आधी रंग की आधी क्रॉप?

आधी क्रॉप. आभाळाचा पांढरा पट्टा फोटोत असताना तुम्ही उजेड ठरवलात तर तो त्या पट्ट्याला बघून ठरवाल. पट्टा गेला की फूल वेगळंच दिसतं. माझा क्रम असा: क्रॉप आणि सरळ करणं, मग उजेड, मग रंगाची ऊब (फोटो पिवळसर की निळसर), मग फक्त फुलापुरता किंवा फक्त पार्श्वभूमीपुरता फेरफार, मग कचरा पुसणं आणि सगळ्यात शेवटी किंचित शार्पनेस, म्हणजे कडांचा ठळकपणा. आणि मूळ फोटोला हात लावायचा नाही, नेहमी प्रत जतन करायची. जेपीईजी (फोनचा फोटो सहसा याच प्रकारचा असतो) फाइल उघडून बदलून पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडा तपशील झिजतो.

पळसाचा फोटो काढला की केशरी लगदा का दिसतो? पाकळ्याच कळत नाहीत.

हा प्रश्न दर होळीला येतो. लळिंगच्या घाटात, तोरणमाळच्या वाटेवर, सातपुड्यातल्या पाल गावाकडे जाताना लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि घरी येऊन हिरमुसतात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. उन्हातल्या पळसाच्या पाकळीवर लालचा आकडा पटकन २५५ ला जाऊन टेकतो. त्याच्या वर जागाच नाही. पाकळीवरची घडी, मखमली लव, एका पाकळीची दुसरीवर पडलेली सावली, या सगळ्या ठिकाणी लाल २५५ च राहतो, मग फरक दिसणार कशात? गंमत म्हणजे एकूण फोटो तेव्हा फार उजळ वाटत नाही. आभाळ नीट आहे, फांद्या नीट आहेत, फक्त लाल रंग भरून वाहिलेला. जास्वंद, कर्दळ, लाल गुलाब यांचंही हेच होतं.

आता उपाय. फोटो काढताना फुलावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड कमी करा, फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल. ऊन पाठीमागून येत असेल तर पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते आणि घड्या उमटतात, तो कोनही करून बघा. एडिट करताना बहुतेकांचा हात सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायला जातो, इथे ते कमी करायचं, शंभरपैकी दहा-वीस. हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, खाली आणा. लाइटरूममध्ये फक्त केशरी आणि लाल रंगाचा उजेड कमी करता येतो, तो केला की दबलेल्या घड्या पुष्कळदा वर येतात. पण आकडा सगळीकडे २५५ असेल तर कोणतंही ॲप नसलेला तपशील आणू शकत नाही. फोनमध्ये रॉ फाइलची (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलची) सोय असेल तर पळसासाठी ती चालू करा, तिच्यात परत मिळवण्यासारखं जास्त उरतं.

क्रॉपबद्दल एक. पळसाच्या फुलामागची ती काळपट मखमली टोपी कापू नका. तिच्या काळेपणामुळेच केशरी रंग उठून दिसतो. सगळं झाड दाखवण्यापेक्षा तीन-चार फुलं आणि त्यांच्या टोप्या, मागे निळं आभाळ, एवढं पुष्कळ आहे.

पांढरी फुलं मळकी का येतात?

कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मधल्या करड्यावर आणू पाहतो. चौकट पांढऱ्या मोगऱ्याने भरली की तो सगळ्यालाच करडं करतो. तेव्हा उजेड वाढवा. उलट, गर्द हिरव्या पानांत एकच तगरीचं फूल असेल तर तो पानांसाठी उजेड वाढवतो आणि फूल जळून कोरा कागद होतं. तेव्हा काढतानाच उजेड कमी करा. दोन चुका दिसायला उलट्या, कारण एकच. मळकं झालेलं फूल एडिटमध्ये सहज सुधारतं, जळालेलं सुधारत नाही. शंका असेल तर उजेड थोडा कमी करून काढा.

सावलीत काढलेलं पांढरं फूल निळसर येतं, त्याला थोडी ऊब द्या. संध्याकाळचं पिवळं झालं असेल तर सगळं पुसू नका, ती वेळ त्या पिवळेपणातच आहे.

वांग्याचं फूल जांभळं आहे, फोटोत निळं दिसतं.

भरीत सगळे खातात, पण वांग्याच्या फुलाचा फोटो फार थोडे काढतात, म्हणून हा प्रश्न मला फार आवडला. जांभळा रंग फोनच्या कॅमेऱ्यांना नीट जमत नाही, तो निळ्याकडे झुकतो. गोकर्णाचंही तसंच होतं. व्हाइट बॅलन्समध्ये (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायच्या सोयीत) 'टिंट' असतं, ते गुलाबीकडे जरासं सरकवा. पानं विचित्र दिसू लागली तर फक्त निळ्या-जांभळ्या रंगाची छटा बदलायची सोय वापरा. खात्री करायची तर दुसऱ्या दिवशी फोन घेऊन शेतात जा आणि फुलाशेजारी धरून रंग जुळवा. आठवणीतला रंग फसवतो.

हे फूल मान खाली घालून असतं. वरून फोटो काढलात तर फक्त देठ आणि काटे मिळतात. सरीत बसा, फोन फुलाच्या खाली न्या. मधले पिवळे पुंकेसर दिसले की निम्मं काम झालं, मग क्रॉपही सोपा होतो.

मागची ठिबकची नळी, तार, प्लास्टिक पुसून टाकलं तर ती लबाडी का?

पाकळीवरचा मातीचा कण, कोळ्याचा तुटका धागा, मागच्या हिरव्यात दिसणारा प्लास्टिकचा तुकडा मी 'हीलिंग' टूलने पुसते. फोटो मोठा करून, लहान लहान टिचक्या मारत. मोठा भाग एकदम पुसला की ॲप शेजारचं पान तिथे चिकटवतं आणि तेच पान दोनदा दिसतं.

नळी आधी क्रॉपने जाते का बघा. नाही गेली तर आणखी गडद करून पानांत विरघळवा. 'सिलेक्टिव्ह'ने तिच्यावर ठिपका ठेवायचा, चिमटीने वर्तुळ लहान करायचं आणि उजेड खाली ओढायचा. पार्श्वभूमीतल्या उजळ पानांनाही हाच इलाज. मी फूल उजळण्याआधी भोवताल थोडा गडद करते. फुलाला हात न लावता ते पुढे येतं.

आणि खरं सांगू, शेतातल्या फुलामागे नळी असली तर कधीकधी असू द्यावी. आपल्याकडे कपाशी-केळीला पाणी तिथूनच मिळतं. ती आडवी येऊन फुलाला कापत असेल तरच तिचा बंदोबस्त करा. फुलाला नसलेल्या पाकळ्या, दुसऱ्या फोटोतलं फुलपाखरू, असलं काही मात्र जोडू नका, आणि जोडलंच तर सांगा.

पोर्ट्रेट मोड वापरू का? मागचं छान धूसर होतं.

माणसांसाठी तो बनलेला आहे. फुलाच्या कडा, बारीक पुंकेसर, लव, कोळ्याचं जाळं त्याला ओळखता येत नाही. जास्वंदाच्या मधल्या दांड्याचं टोक त्याने धूसर केलेलं मी कितीदा पाहिलं आहे. फोन फुलाच्या जवळ आणि पार्श्वभूमी फुलापासून लांब, एवढं साधलं की खरं धूसर आपोआप मिळतं. बांधावर बसून अशा कोनातून घ्या की मागे दूरचं शेत येईल, लगतचं झुडूप येणार नाही.

फोटो हलला आहे. शार्पनेस वाढवून नीट होईल?

नाही. दुसरा काढा. वारा असेल तर दोन झुळकांच्या मधल्या क्षणाची वाट बघा आणि पाच-सात फोटो लागोपाठ घ्या. शेतात सकाळी आठच्या आत वारा कमी असतो.

शार्पनेस, स्ट्रक्चर (पोत ठळक करणारं), एचडीआर (उजेड-सावली दोन्हींतला तपशील वर आणणारं) किती ठेवायचं?

पाकळीसाठी जवळजवळ शून्य. पाकळीचं सौंदर्य तिच्या मऊपणात आहे, 'स्ट्रक्चर' वाढवलं की ती चामड्यासारखी दिसते. करडईचे काटे, सूर्यफुलाची चकती, सावरीच्या खोडावरचे काटे यांना थोडं चालतं.

एडिट केलेला फोटो घरी वेगळा आणि बाहेर वेगळा का दिसतो?

मे महिन्यात भर दुपारी बांधावर उभं राहून एडिट करू नका. उन्हात स्क्रीनवर सगळंच काळं दिसतं, तुम्ही उजेड वाढवत नेता आणि घरी आल्यावर फूल जळालेलं असतं. आपल्याकडच्या उन्हात फोन तापतो आणि तापला की बरेच फोन स्क्रीनचा उजेड आपणहून कमी करतात, म्हणजे आणखी फसवणूक. घरात या, स्क्रीनचा उजेड मध्यावर ठेवा आणि डोळ्यांना आराम देणारा तो पिवळसर मोड बंद करा. तो चालू असताना रंग जुळवलेत तर फोटो निळा होऊन बसेल.

केळीच्या बागेतून आला असाल तर लेन्सही पुसा. चिकाचा हात लेन्सला लागला की सगळ्या फोटोंवर धुकं येतं आणि लोक ते कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद यांतला फरक) वाढवून घालवायला बघतात.

व्हॉट्सॲपवर पाठवला की बिघडतो.

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं. जपून पोहोचवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रिंटसाठी तर असाच. मी एकदा घाईत एका छपाईवाल्याकडे साधा पाठवलेला फोटो मोठा छापून घेतला आणि पाकळ्यांच्या कडांना पायऱ्या आल्या. त्यानेही विचारलं नाही, मीही तपासलं नाही. आता पाठवण्याआधी फाइलचे पिक्सेल बघते.

घरातच चांगला फोटो जमेल का? उन्हात फिरणं होत नाही.

जमेल, आणि शिकायला तीच उत्तम जागा आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे घरात, टेबलावर वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रणासाठी नावाजलेले होते, आणि त्यांचं आयुष्य बहुतेक त्या घरातच गेलं. चाळीसगावला गेलात तर त्यांचं कलादालन बघा.

खिडकीशेजारी स्टूल ठेवा. थेट ऊन येत असेल तर पांढरं पातळ धोतर किंवा ओढणी खिडकीला लावा. फुलाच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, तिकडची सावली लगेच मऊ होते. मागे काळी छत्री उघडून ठेवली की पार्श्वभूमीचा प्रश्नच मिटतो आणि क्रॉपला हवी तेवढी मोकळी जागा मिळते. घरातली ट्यूबलाइट मात्र बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की पाकळीची एक बाजू निळी, दुसरी हिरवट दिसते आणि व्हाइट बॅलन्स कुठल्याच बाजूला धड लागत नाही.

जास्त एडिट झालंय हे कळणार कसं?

फोटो ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ फोटोशेजारी उघडा. पहिली नजर पानांकडे न्या. फुलाच्या नादात पानं कशी झालीत ते आपण बघतच नाही. पानं प्लास्टिकच्या तोरणासारखी हिरवी झाली असतील तर सगळेच आकडे निम्म्यावर आणा.

स्पर्धेला पाठवायचा आहे.

नियम वाचा. कुठे क्रॉप आणि उजेड चालतो पण पुसणं चालत नाही, कुठे मूळ फाइल मागतात. मूळ फाइल जपली असेल तरच दाखवता येईल. दुर्मीळ रानफुलाचा फोटो असेल तर पाठवण्याआधी फाइलमध्ये नोंदलेलं ठिकाण काढून टाका, झाडं उपटून नेणारे लोक असतात.

तो कपाशीचा फोटो शेवटी कसा झाला?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगते. चौकट उभी केली. वरती उजवीकडे आजचं फिकट फूल, खाली डावीकडे पानाआडून डोकावणारं कालचं गुलाबी, दोघांना जोडणारी फांदी तिरकी. आभाळ आणि हँडल क्रॉपमध्ये गेलं. नळीचा वीतभर तुकडा खाली राहिला, तो गडद केला. फिकट फुलावरचे हायलाइट्स थोडे खाली आणले, तेव्हा पाकळ्यांच्या शिरा दिसल्या. गुलाबी फुलावर सिलेक्टिव्हचा ठिपका ठेवून उजेड किंचित वाढवला. सॅच्युरेशनला हात लावला नाही. पाकळीवरचा एक मातीचा कण मी पुसायला निघाले, तर भाचा म्हणाला, ''राहू दे, आदल्या रात्री पाऊस झालेला.''

उरले १६०० × २१०० च्या आसपास पिक्सेल. ४ × ६ इंची प्रिंट काढली. सासूबाईंनी ती हातात घेतली, पुन्हा चष्मा लावला आणि या वेळी गुलाबी फुलावर बोट ठेवून भाच्याला विचारलं, हे कालचं ना?